आठव्या हेन्रीचे कलम

१/ इ.स. १५३९. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत इंग्लंडच्या संसदेने कायदा केला : राजाचे जाहीरनामे संसदेच्या कायद्यासारखेच पाळले जावेत. हेन्रीच्या मृत्यूनंतर, १५४७ मध्ये, तो रद्द झाला. राजाचे नाव मात्र टिकले. संसदेचा कायदा केवळ आदेश काढून बदलण्याची मुभा मंत्र्याला देणारे कलम ब्रिटनमध्ये आजही ‘आठव्या हेन्रीचे कलम’ म्हणून ओळखले जाते.

२/ मंत्र्यांना असे अधिकार का लागतात? कायद्याची चौकट संसद ठरवते. दर, मुदती, कार्यपद्धती असा तपशील मंत्र्यांवर सोपवते. त्यांनी केलेले नियम म्हणजे प्रदत्त विधिविधान. त्याला बळ कायद्याचेच असते.

३/ अंकुश कोणता? १९४६ च्या कायद्यान्वये बरेचसे नियम संसदेपुढे नुसते ठेवले जातात. ४० दिवसांत कोणत्याही सभागृहाने विरोधी ठराव केला नाही, तर ते कायम राहतात. काही नियमांना स्पष्ट मंजुरी लागते. दुरुस्ती सहसा करता येत नाही. स्वीकारा वा फेटाळा. कॉमन्स सभागृहाने असा नियम शेवटचा फेटाळला तो १९७९ मध्ये.

४/ म्हणून न्यायालयाचे महत्त्व. २०१३ मध्ये मंत्र्याच्या आदेशाने कामगार न्यायाधिकरणांतील दाव्यांवर शुल्क बसले. काहींवर १,२०० पौंडांपर्यंत. दावे सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. ‘युनिसन’ या कामगार संघटनेने आदेशाला आव्हान दिले.

५/ २६ जुलै २०१७. सर्वोच्च न्यायालयाचा एकमताने निर्णय : न्यायाची वाट अडवण्याचा अधिकार संसदेने मंत्र्याला दिलेलाच नव्हता, आदेश मुळातच बेकायदा. वसूल केलेले शुल्क सरकारला परत करावे लागले.