नवदंतवैद्य : प्रशिक्षण व नियमन (सोलापूर)

बीडीएस होऊन नुकतेच व्यवसायात उतरणाऱ्या दंतवैद्यांची घडण आणि त्यांच्यावरील कायदेशीर नियंत्रण. सोलापुरात हे शिक्षण केगावच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालयात मिळते. परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची आंतरवासिता संपली, की महाराष्ट्र राज्य दंत परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते आणि लगेच स्वतःचा दवाखाना थाटता येतो. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमाने पदवीविना दात काढणाऱ्यांना आवर घातला, हे मोठेच काम झाले. पदवी आहे पण हात बसलेला नाही, अशा दंतवैद्याचा भार मात्र सगळा आंतरवासितेवर पडतो.

या बारा महिन्यांपैकी तीन सामाजिक दंतवैद्यक व ग्रामीण सेवेसाठी राखलेले असतात. सोलापूरसारख्या जिल्ह्यात तेच सर्वांत मोलाचे. विडी वळणाऱ्या महिला आणि यंत्रमाग कामगार यांच्या या शहरात तंबाखू व मिश्रीच्या सवयी जुन्या आहेत. तोंड उघडल्यावर रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, गालाच्या आतून बोट फिरवताना ताठ, दोरीसारखे पट्टे लागतात का, हे पाहायला मिनिटही पुरते. कर्करोगाकडे झुकणारा आजार त्यातून वेळीच ओळखता येतो. हे बोटांना कळावे लागते, आणि ते शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या शिक्षकाकडूनच कळते. शिबिरात नावे लिहून घेण्यात हे तीन महिने गेले, तर ती संधी वाया जाते.

२०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग अधिनियमात परवान्यासाठी देशभर एकच निर्गम परीक्षा योजलेली आहे. महाविद्यालयागणिक दर्जा बदलतो, म्हणून समान कसोटी हवी, हा युक्तिवाद रास्त आहे. परंतु ही कसोटी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला जोडलेली आहे. त्यानंतर रुग्णासमोर काय शिकले, ते तिच्यात उतरत नाही. ब्रिटनमध्ये तेथील पदवीधराला एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत काम करायचे तर साधारण वर्षभर चालू दवाखान्यात अनुभवी दंतवैद्याच्या हाताखाली राहावे लागते. आपल्याकडे असे आणखी एक वर्ष लादणे खासगी महाविद्यालयाचे शुल्क भरून थकलेल्या कुटुंबांवर अन्याय ठरेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच नवे वर्ष नको, आहे तेच वर्ष तपासा. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या सरकारी रुग्णालयात आंतरवासीने तपासलेला प्रत्येक रुग्ण, त्याचे निदान आणि शिक्षकाची सही यांची नोंदवही परिषदेने नोंदणीपूर्वी मागवावी. सध्याच्या बारा महिन्यांत हे बसते.