घोड्याच्या चिलखतापासून विस्तारकथेपर्यंत

खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथेची वाट स्वतः निवडतो अशा व्हिडिओ गेमना, म्हणजे रोल-प्लेइंग गेमना, इंटरनेटवरून डाउनलोड करायच्या पुरवण्या जोडण्याच्या इतिहासात एप्रिल २००६ महत्त्वाचा ठरतो. कारण अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या आपल्या खेळासाठी घोड्याचे चिलखत सुमारे अडीच डॉलरना विकायला काढले, तेव्हा मुख्यतः शोभेच्या वस्तूसाठी वेगळे पैसे मोजावे लागण्याचा खेळाडूंनी तीव्र निषेध केला. मात्र २००७मध्ये त्याच खेळात नवा प्रदेश आणि नवे कथानक आणणाऱ्या ‘शिव्हरिंग आइल्स’चे, तसेच २०१६मध्ये पोलंडच्या ‘द विचर ३’ला जोडलेल्या ‘ब्लड अँड वाइन’चे खेळाडूंनी मनापासून स्वागत केले. त्यांचा आक्षेप पुरवणीला नव्हे, तर आशयाच्या तुटपुंजेपणाला होता, आणि त्यांची ही पारख न्याय्यच होती.