ब्रेक : देखभाल व दोषनिवारण
मोटारगाडी वा सायकलची गती घर्षणाने रोखणाऱ्या यंत्रणेतील बिघाड ओळखणे व दूर करणे. मुंबई–गोवा महामार्गावरील शिरढोण (ता. पनवेल) यांसारख्या भरपावसाच्या गावी ब्रेकचे खरे वैर पाण्याशी असते.

मोटारीत पेडलचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोचतो. हे ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३०° से.ला उकळते, ओल मुरल्यावर हा बिंदू १५५° से.पर्यंत उतरू शकतो. बोरघाट उतरताना पाय ब्रेकवरच ठेवला, तर असे ऑइल उकळून वाफ धरते आणि पेडल तळाला टेकते. म्हणून उतारावर खालचा गिअर हवा, आणि साधारण दोन वर्षांनी नवे ऑइल. पेडल लिबलिबीत लागल्यास ‘एअर’ (ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा) काढून घ्यावी. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर बहुधा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अडकलेला असतो. सकाळी डिस्कवर दिसणारा तांबूस गंज मात्र निरुपद्रवी. तो पहिल्या काही ब्रेकांतच निघतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी अनेक दिवस उभी ठेवल्यास मागचे लायनर ड्रमला चिकटतात. त्यापेक्षा सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणे बरे.

जुन्या काळ्या सायकलींचे सळईचे ब्रेक रिमला आतून दाबतात. पोलादी रिम ओली झाली की रबरी गुटके घसरतात, म्हणून ब्रेक बराच आधी लावावा. तेल सळयांच्या सांध्यांना द्यावे, रिमला कधीही नाही.