संगणकाचा श्रीगणेशा

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं माझा लॅपटॉप उठेना. उठेना हाच शब्द योग्य, कारण तो मेला नव्हता. कळ दाबतांच आंतला पंखा फिरूं लागे, पडद्यावर कारखानदाराची मुद्रा उमटे, आणि मग बूट करण्याजोगें साधन सापडत नाहीं अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ येऊन सर्व स्तब्ध होई. यंत्राची किंमत फारशी नव्हती. परंतु सात वर्षें मराठवाड्यांत खेडोपाडीं हिंडून घेतलेल्या वृद्धांच्या मुलाखती त्यांत होत्या. निजामी अमलांत ज्यांचें बालपण गेलें, १९४८ सालीं रझाकारांच्या भीतीनें ज्यांनीं घरेंदारें सोडलीं, अशांचे ते आवाज. त्यांपैकीं बहुतेक जण आतां हयात नाहींत. दुसरी प्रत करून ठेवण्याचें काम मात्र मी एका रविवारावरून दुसऱ्या रविवारावर ढकलीत आलों होतों.

शहरांतील एका मोठ्या दुकानांत यंत्र दाखविलें. तेथील गृहस्थांनीं एकदां कळ दाबली, ओळ वाचली, आणि "फॉरमॅट मारावं लागेल, सर," असें निर्विकारपणें सांगितलें. फॉरमॅट मारणें म्हणजे सर्व पुसून यंत्राच्या हातीं कोरी पाटी देणें. उंदरांच्या भीतीनें घरास आग लावावी तसला हा उपाय. इतिहासाच्या अध्यापकास तो मानवणें शक्यच नव्हतें. मी यंत्र उचललें, घरीं आलों, आणि हें यंत्र मुळांत जागें होतें तरी कसें, हें कळल्यावांचून तें कोणाच्या स्वाधीन करावयाचें नाहीं असें ठरवून मिळेल तें वाचीत बसलों. त्या वाचनांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. संगणकाच्या इतिहासांत त्याच्या आकडेमोडीचा डंका फार वाजला. तो सुरू कसा होतो या साध्या प्रश्नाचा इतिहास मात्र अडगळींत पडला आहे.

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशीं पाणचक्की आहे. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणावयाचें, तें उंच भिंतींतून वर चढवून खालीं पाडावयाचें, आणि त्याच्या माऱ्यानें जातें फिरवावयाचें, अशी तिची रचना. पाणी आलें कीं जातें फिरतें. आरंभ कोठून करावयाचा हें त्यास कोणी सांगावें लागत नाहीं. संगणकाची गोष्ट निराळी. वीज हें त्याचें पाणी खरें, पण नुसत्या विजेनें तो एक पाऊलहि टाकीत नाहीं. त्याची प्रत्येक कृति आज्ञेनें व्हावयाची, आणि आज्ञा त्याच्या स्मरणांत असावयाच्या. आतां स्मरणांत आज्ञा आणून ठेवणें हीहि एक कृतिच. तिची आज्ञा कोठून यावी? नट कितीहि तरबेज असला तरी त्यास स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं, असें आपले जुने शास्त्री वादांत म्हणत. इंग्रजी बोलणाऱ्यांनीं तीच अडचण बुटांवर आणली. बूट पायांत ओढून घेण्यासाठीं त्यास जो चामडी बंद असतो, तो धरून स्वतःलाच उचलूं पाहणाऱ्या माणसाची त्यांनीं थट्टा केली. त्या बंदाचें नांव बूटस्ट्रॅप, आणि संगणक 'बूट करणें' हें त्याचें लघुरूप. पायताणाशीं या शब्दाचा संबंध एवढाच.

१९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत जगापुढें आलेल्या एनियॅक यंत्रास ही अडचण नव्हती, कारण त्याच्या आज्ञा स्मरणांत राहतच नसत. एका गणितावरून दुसऱ्याकडे वळावयाचें तर तारा उपसून दुसरीकडे खुपसावयाच्या, बटनें फिरवावयाचीं, आणि त्यांत दिवसच्या दिवस घालवावयाचे. अडचण खरी उभी राहिली ती केंब्रिज येथें. मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं बांधलेलें एड्सॅक हें यंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें. त्याच्या आज्ञा कागदी फितीवर भोकें पाडून देत. पण फीत वाच, ही आज्ञा कोण देणार? डेव्हिड व्हीलर या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें अवघ्या ३१ आज्ञांचा एक पाठ रचला, आणि टेलिफोनच्या कार्यालयांत वापरतात त्या जातीच्या फिरत्या स्विचांवर तो तारांनीं कायमचा बांधून टाकला. कळ दाबली कीं हा पाठ स्मरणांत उतरे, आणि त्याच्या आधारें यंत्र फीत वाचूं लागे. आपल्याकडे पंतोजी मुलाकडून प्रथम श्रीगणेशा गिरवून घेत. त्या अक्षरांत कोणतीच विद्या नसे, पण पुढच्या सर्व विद्या त्यांच्यामागून येत. व्हीलरचा पाठ असाच होता.

आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनीं बांधलेलें यंत्र १९६० सालीं कामास लागलें, व १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास टिफ्रॅक हें नांव दिलें. त्याचें स्मरण २०४८ शब्दांचें, चुंबकी कड्यांचें विणलेलें. कड्यांच्या स्मरणाचा एक गुण असा कीं, वीज गेली तरी लिहिलेलें पुसलें जात नसे. पुढें स्मरण सिलिकनचें झालें. तें स्वस्त झालें, चपळ झालें, आणि विसराळू झालें. वीज गेली कीं कोरें! १९७५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या अल्टेअर नांवाच्या घरगुती यंत्राच्या धन्यास तर दर वेळीं समोरचीं बटनें एकेक करून खालींवर करीत प्रारंभाचा पाठ हातानें भरावा लागे. एक बटन चुकलें कीं पुन्हां पहिल्यापासून. ऑगस्ट १९८१ मध्यें आयबीएम कंपनीनें आपलें वैयक्तिक संगणकयंत्र बाजारांत आणलें, त्यांत हा पाठ न पुसणाऱ्या एका चकतींत कोरलेला होता. तिला बायॉस म्हणतात. ही चकती प्रथम यंत्राचे अवयव तपासी, सर्व ठीक असल्यास एक शिटी देई, आणि मग तबकडीचा अगदीं पहिला खण उघडी. खण ५१२ अक्षरांचा. त्यांतील आज्ञेप्रमाणें पुढें जावयाचें, आणि मग कोठें ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारी प्रणाली स्मरणांत उतरे.

या व्यवस्थेंतलें मर्म वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. तबकडीवर हजारों पानांचा मजकूर असो. त्याच्याकडे जाण्याची वाट या एका खणांतून. शिवाय खणांत जें असेल तें आपल्याच धन्याचें, असा चकतीचा भाबडा विश्वास. या विश्वासाचा पहिला मोठा फायदा लाहोर येथील बासित व अमजद अल्वी या बंधूंनीं १९८६ सालीं घेतला. त्यांचा ब्रेन नांवाचा विषाणु फ्लॉपीच्या पहिल्या खणांत जाऊन बसे. त्यांत त्यांनीं स्वतःचीं नांवें, पत्ता व टेलिफोन क्रमांक सुद्धां लिहिले होते. इतका सभ्य दरोडेखोर इतिहासांत विरळा.

पुढचा सभ्य नव्हता. १९९१ सालीं उघडकीस आलेल्या एका विषाणूस संशोधकांनीं मायकलअँजेलो हें नांव दिलें, तें केवळ तो ६ मार्च या त्या कलावंताच्या जन्मदिवशीं जागा होई म्हणून; कलावंताचा उल्लेख त्यांत कोठेंहि नव्हता. बाधित फ्लॉपी खांचेंत राहून गेली आणि यंत्र सुरू केलें, कीं तो तबकडीवर उतरे. उतरतांना तो पहिल्या खणांतला मूळ पाठ उचलून त्याच वर्तुळाच्या सातव्या खणांत नेऊन ठेवी, आणि पहिल्या जागीं आपण बसे. यंत्र उठलें कीं प्रथम हा वाचला जाई, आणि आपलें काम उरकून यंत्रास सातव्या खणाकडे धाडी. धन्यास कांहींच कळत नसे. मग ६ मार्च उजाडला कीं तबकडीच्या आरंभींच्या भागावर निरर्थक मजकूर लिहून तो वाट बुजवून टाकी. १९९२ च्या मार्चांत याचा गाजावाजा पुष्कळ झाला. पन्नास लाखांपर्यंत यंत्रें बंद पडतील असें भाकित होतें, प्रत्यक्षांत झळ कांहीं हजारांनाच लागली. पुष्कळांनीं यंत्राचें घड्याळच एक दिवस पुढें करून त्या तारखेस चकविलें.

आपल्या दृष्टीनें यापुढची हकीकत अधिक महत्त्वाची. पुण्यास कैलास काटकर यांचें दुरुस्तीचें दुकान होतें. घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचें. दहावीनंतर शिक्षण सोडून ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करावयास शिकले, व त्या वाटेनें संगणकांपर्यंत आले. धाकटे बंधु संजय मॉडर्न कॉलेजांत संगणकशास्त्र शिकत होते. दुकानांत येणाऱ्या यंत्रांपैकीं कित्येकांत तार तुटलेली नसे, चकती जळलेली नसे. असे तो विषाणु. संजय यांनीं मायकलअँजेलोवर उतारा लिहिला. या विषाणूच्या उताऱ्याचें तत्त्व ऐकावयास किती सोपें! मूळ पाठ नाहींसा झालेला नाहीं, तो सातव्या खणांत आहे. तो तेथून उचलून पहिल्यांत आणून ठेवावयाचा. पण हें सोपें कोणास? जो बंद यंत्राकडे पाहून "गेलें" न म्हणतां "कोठें गेलें?" असें विचारतो, त्यास. अशा उताऱ्यांतून क्विक हील हें नांव पुढें आलें. २००७ सालीं बंधूंच्या कंपनीनेंहि तेंच नांव घेतलें, व २०१६ सालीं तिचे भाग शेअरबाजारांत आले. एक भाऊ सोल्डरिंगच्या कामांत मुरलेला, दुसरा गणिताच्या वर्गांतून आलेला, आणि दोघांचें शास्त्र गिऱ्हाइकाच्या तक्रारींतून वाढलेलें. किल्ल्यांचे वेढे व तहांचीं कलमें लिहिण्यांत आम्हां इतिहासकारांची शाई संपते. पुण्याच्या पेठांतील असल्या दुकानांचा इतिहास लिहावयास अद्यापि कोणी बसलेलें नाहीं, याची खंत वाटते.

२६ एप्रिल १९९९ रोजीं तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्यानें लिहिलेल्या विषाणूनें याच्याहि मागें जाऊन बायॉसच्या चकतीवरच घाव घातला. नव्या चकत्यांवर लिहितां येऊं लागलें होतें, आणि लिहितां येतें तें पुसतांहि येतें. तशा यंत्राची शिटीहि वाजेना, पडदाहि उजळेना. पुढें मात्र चकतीचा भाबडेपणा गेला. साधारण २०१२ पासूनचीं यंत्रें पाठावर ओळखीची मुद्रा आहे कीं नाहीं हें पाहूनच तो स्वीकारूं लागलीं. तरीहि १९ जुलै २०२४ रोजीं व्हावयाचें तें झालेंच. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या पहारेकरी प्रणालीस एक सदोष फाइल धाडली, आणि जगभरचीं सुमारें ८५ लाख यंत्रें अर्धवट जागीं होऊन कोसळूं लागलीं. आपल्या विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास देण्यांत आले. दोष एका फाइलीचा. ती पुसली कीं काम झालें. पण जें यंत्र उठतच नाहीं त्यास दुरून निरोप पोंचत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं माणसांस एकेका यंत्रापुढें जाऊन बसावें लागलें.

इतकें वाचून झाल्यावर मी औरंगपुऱ्यांतील एका लहानशा गाळ्यांत गेलों. तेथील तरुण विद्यापीठाच्या आवारांतील केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स संस्थेंत शिकलेला. मी माझें नवें ज्ञान पाजळूं लागतांच तो म्हणाला, "सर, काय झालंय तें मी बघतो. तुम्हांला काय दिसलं तेवढं सांगा." मी सांगितलें. पंखा फिरला, मुद्रा उमटली, ओळ आली. तेव्हां वीज, चकती व स्मरण ठीक. मग त्यानें आंतल्या यादींत तबकडी दिसते कीं नाहीं तें पाहिलें. दिसत होती. "म्हणजे जीव आहे," तो म्हणाला. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं त्यानें तबकडी काढून स्वतःच्या यंत्रास जोडली. दुरुस्ती करतांना तबकडीवर लिहावें लागतें, आणि लिहिण्याआधीं असेल तें उतरून घ्यावें, हा त्याचा नियम. माझ्या धंद्यांतहि तोच नियम आहे, हें सांगावयाचें मी टाळलें.

आणि तेथें आम्ही अडलों. तबकडी कुलुपबंद निघाली. नव्या यंत्रांत हें कुलूप आपोआप लागतें, व रोज सकाळीं यंत्रांतलीच एक चकती तें गुपचूप उघडते. तबकडी परक्या घरीं गेली कीं मात्र ती ४८ अंकांची किल्ली मागते. असें कुलूप माझ्या यंत्रास आहे हें मला ठाऊकच नव्हतें. किल्लीवांचून कोणताहि इलाज नाहीं, असें त्यानें खालच्या आवाजांत सांगितलें. यंत्र घेतलें तेव्हां त्याचें खातें मुलीनें उघडून दिलें होतें. ती पुण्यास असते. तिला टेलिफोन केला, तिनें कचेरींतूनच तें खातें धुंडाळलें, आणि सहा सहा अंकांचे आठ गट मला वाचून दाखविले. मी ते जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतले. तिसऱ्या गटांत माझी चूक झाली, पुन्हां टेलिफोन.

तबकडी उघडली. मुलाखती जशाच्या तशा होत्या. बिघडलें होतें तें आरंभींच्या शंभरेक मेगाबाइटांच्या दालनांत, जेथें हल्लीं प्रारंभाचा पाठ असतो. आदल्या रात्रीं प्रणाली अद्ययावत् होत असतां पावसानें वीज गेली, आणि माझ्या यंत्राची बॅटरी वर्षापूर्वींच निकामी झालेली. सर्व मजकूर उतरून घेण्यास दुपार लागली. मग एका पेनड्राइव्हवरून पाठ नव्यानें लिहावयास त्यास वीस मिनिटेंहि लागलीं नाहींत.

उतरलेली प्रत नीट उघडते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें मधलीच एक फाइल लावली. पैठणकडच्या एका आजोबांची ती निघाली; २०१९ सालीं मीं ती घेतली होती, आणि पुढल्याच वर्षीं ते वारले. आरंभीं बराच वेळ नुसता खोकला, भांड्यांचा आवाज, आणि "पाणी घ्या" असें कोणी म्हणाल्याचें. तरुणानें फाइल बंद केली नाहीं. गाळ्याबाहेर पाऊस पडत होता. आजोबांनीं आपल्या गांवाचें नांव सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, माझ्या आईचं गाव त्याच्या शेजारचंच," आणि आवाज थोडा मोठा केला.