कंपायलर-बदल (मुक्तस्रोत प्रकल्पांतील)

सोर्स कोड तोच ठेवून तो यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर बदलणे. व्याख्येत ‘तोच ठेवून’ असले तरी प्रत्यक्षात कोडला हात लावावाच लागतो आणि बहुतेक मेहनत तिथेच जाते.

सी आणि सी++ मधील मोठ्या प्रकल्पांत हा बदल मुख्यतः जीसीसीकडून क्लँगकडे झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. क्लँग अ‍ॅपलने २००७ मध्ये खुला केला. तो इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या एलएलव्हीएमवर उभा आहे.

बदलाचे कारण दरवेळी वेग हेच नसते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या बाबतीत ते परवान्याचे होते. जीसीसीचा परवाना असलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या अटी त्या प्रकल्पाला नको होत्या, म्हणून तो दुसऱ्या आवृत्तीखालच्या जीसीसी ४.२.१ वर, म्हणजे २००७ च्या कंपायलरवर, बरीच वर्षे अडकून पडला. नोव्हेंबर २०१२ मध्ये विकासशाखेत आणि जानेवारी २०१४ च्या १०.० आवृत्तीत नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांसाठी क्लँग आला. सोबत सी++ ची प्रमाण लायब्ररीही बदलली. दोन लायब्रऱ्यांत स्ट्रिंगची मेमरीतली मांडणी वेगळी असल्याने एकीवर बांधलेले भाग दुसरीवर बांधलेल्यांशी बेधडक जोडता येत नाहीत, त्यामुळे काम वरच्या पॅकेजांपर्यंत पोचले. जुना जीसीसी मूळ प्रणालीतून पुरता निघाला तो २०२० मध्ये.

नवा कंपायलर जुन्या कोडची झाडाझडती घेतो. एका फंक्शनला दोन आर्ग्युमेंट दिली आणि दोन्ही जागी ‘इनपुटमधले पुढचे अक्षर वाच’ असे लिहिले, तर आधी कोणते वाचायचे हे सी भाषेचे प्रमाण सांगत नाही. क्लँग सहसा डावीकडून सुरुवात करतो, जीसीसी अनेकदा उजवीकडून. कोड विनातक्रार कंपाइल होतो, पण अक्षरांची अदलाबदल होते. अशा कोडचा दोष नव्या कंपायलरच्या माथी मारणे ही प्रोग्रामरांची जुनी खोड आहे. खरे तर कंपायलर न बदलताही हा फटका बसतो. २००९ मध्ये लिनक्सच्या ‘टन’ या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला आणि नंतर तो शून्य आहे का हे तपासले, असा क्रम सापडला. वापरला म्हणजे शून्य नसणारच, असे धरून जीसीसीने ती तपासणीच उडवली आणि सुरक्षेला भगदाड पडले.

लिनक्स कर्नलचे दुखणे वेगळे होते. त्याचा कोड जीसीसीच्या खास सवलतींवर पोसलेला होता. स्ट्रक्चरच्या आत बदलत्या लांबीचा अ‍ॅरे ठेवण्याची मुभा क्लँगने दिलीच नाही, तेव्हा कर्नलमधल्या त्या जागा नव्याने लिहिल्या गेल्या. उलट असेंब्लीच्या तुकड्यातून सी कोडमधल्या खुणेवर थेट उडी मारू देणारी ‘एएसएम गोटो’ ही सोय क्लँगलाच २०१९ मध्ये शिकावी लागली. त्याआधी, २०१७ मध्येच, गूगलच्या पिक्सेल २ फोनमध्ये क्लँगने बांधलेला कर्नल आला होता. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०१८ मध्ये विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर सोडून क्लँग घेतला.

महाराष्ट्राचा संबंध जीसीसीच्या बाजूने येतो. आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चालले. लाखो ओळींच्या या कंपायलरची आतली रचना समजावणाऱ्या कार्यशाळा तिथे झाल्या. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने रेनेसासच्या प्रोसेसरांसाठी जीसीसीवर आधारलेले टूलचेन फुकट उपलब्ध केले. त्यामुळे विकतच्या कंपायलरला पर्याय मिळाला. याच कंपनीच्या अभियंत्यांनी नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर१६ प्रोसेसरसाठी लिहिलेला भाग २०१२ मध्ये जीसीसी ४.७ मध्ये दाखल झाला. कंपायलरचा असा भाग सांभाळणारा माणूस नसला की तो टिकत नाही. सीआर१६ चा आधार २०२३ च्या जीसीसी १३ मधून काढून टाकण्यात आला आहे.