सावित्रीवरची कमान

कांदिवलीच्या हायवेवर कोकणची एसटी पकडा. पनवेल, वडखळ, माणगाव मागे पडू द्या. महाडजवळ सावित्रीच्या काठी उतरा. समोर नवा पूल दिसतोय, तो क्षणभर विसरा. तुम्ही आता 1928 सालात आहात.

दगडी पूल नुकताच उभा राहिलाय. कमानीखाली जाऊन वर बघा. घडीव दगड एकमेकांना रेटून बसलेत. वरून जितकं ओझं येईल तितके ते घट्ट होतात. कमानीचं सगळं बळ त्यातच आहे. पुलावरून बैलगाड्या चालल्यात. महाड गावात अजून चवदार तळ्याचा विषय निघतो; 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं, त्याला फार काळ लोटलेला नाही.

आता खूप मागे जा. साल 605, चीनमधलं झाओझोउ. ली छुन या कारागिराचा पूल बघा. सुमारे 37 मीटरची एकच कमान, नदीत एकही खांब नाही. कमानीच्या दोन्ही खांद्यांत दोन-दोन छोट्या कमानी मोकळ्या सोडल्यात. त्यांनी पुलाचं वजन घटतं आणि पूर चढला की पाण्याला वाट मिळते. चौदाशे वर्षांनंतरही तो पूल उभा आहे. या माणसाने ओझ्याइतकाच पाण्याचाही विचार केला होता, म्हणून मला तो फार मोठा वाटतो.

परत सावित्रीवर या. 2 ऑगस्ट 2016, रात्र. महाबळेश्वरच्या डोंगरातून येणारं पाणी चिखलाच्या रंगाचं झालंय, आवाजाने बोललेलं ऐकू येत नाही. याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. आता अंधारात तो तुटलाय. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि इतर वाहनं नदीत गेली आहेत. बोरिवली, म्हणजे तुम्ही एसटी पकडलीत त्या कांदिवलीच्या शेजारचंच उपनगर. तुमच्या आळीतलं कोणीही त्या गाडीत असू शकलं असतं.

नवा पूल 165 दिवसांत बांधला गेला आणि 5 जून 2017 ला खुला झाला. एवढी घाई आपल्याला जमते. मग राज्यातल्या प्रत्येक जुन्या कमानी पुलाचा पाण्याखालचा पाया दर पावसाळ्याआधी पाणबुडे उतरवून तपासा. नुसतं वरून बघून पूल योग्य ठरवू नका.