उकिरड्यावरचे रान

शीवहून वांद्र्याकडे जाताना धारावीच्या बस आगारासमोर दाट झाडी लागते. हे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. तेथे सहलीला आलेल्या मुलांना ‘तुमच्या पायांखाली मुंबईचा कचरा आहे’ असे सांगितले, तर त्यांना ते खरे वाटत नाही. पण आहे खरे. जमीन सरकारी, कचरा आपणा सर्वांचा आणि तेथे रान उभे करण्याची कल्पना मात्र निसर्गप्रेमी नागरिकांची. सार्वजनिक जमिनीवरच्या वन्यजीवांसाठी सामान्य माणूस काय करू शकतो, असा प्रश्न वर्गात निघाला, तर या रानाची हकिकत सांगावी.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ मुंबईकर निसर्गातील नोंदी आणि नमुने एकमेकांना दाखवावेत म्हणून एकत्र आले. त्यांत सहा युरोपीय होते आणि दोन भारतीय डॉक्टर : प्रार्थना समाजाचे एक संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सखाराम अर्जुन. यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. तिला कोणी सरकारी हुकूम दिला नव्हता. हौस आणि शिस्त एवढेच भांडवल होते.

पुढे गिरगावातल्या खेतवाडीत वाढणारा एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली चिमणी घेऊन या सोसायटीत गेला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणती, हे त्याला जाणून घ्यायचे होते. तेथल्या मानद सचिवांनी, मिलर्ड साहेबांनी, त्याला हाकलले नाही. कपाटातले पक्षी काढून दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. एका प्रश्नाला नीट उत्तर मिळाल्याने काय घडते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आता माहीमकडे वळू. मिठी नदीच्या काठी सुमारे 37 एकर जागेवर शहराचा कचरा पडत असे. ही जागा शिवाजी पार्कच्या मैदानापेक्षा मोठी. 1970 च्या दशकात कचरा टाकणे थांबले, तेव्हा येथे निसर्ग उद्यान करावे, अशी कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेतील मंडळींनी मांडली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलली. 1983 मध्ये सलीम अलींच्या हस्ते लागवड सुरू झाली. त्याच वर्षी सोसायटीला शंभर वर्षे पुरी होत होती आणि ते स्वतः 86 वर्षांचे होते.

उकिरड्यावर झाड लावणे सोपे नसते. दाबल्या गेलेल्या कचऱ्यात हवा शिरत नाही. हवेविना कुजताना मिथेन वायू आणि उष्णता निर्माण होते. मुळांना प्राणवायू मिळत नाही. प्लॅस्टिक आणि काच तर कुजतच नाहीत. म्हणून कचऱ्यावर मातीचा थर द्यावा लागला. एकदा काही झाडे तगली की पुढचे काम तीच करू लागतात. पानगळ कुजून माती होते, सावलीत ओल टिकते, मग किडे येतात आणि किड्यांमागे पक्षी. रुई असली की तिच्यावर अंडी घालणारी फुलपाखरे येतात. वड-उंबराची फळे खाणारे पक्षी विष्ठेतून बिया पसरवतात. आज येथे वनस्पतींच्या शेकडो जाती आहेत आणि पक्ष्यांच्या शंभरावर जातींची नोंद झाली आहे.

1991 मध्ये या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि 22 एप्रिल 1994 रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. ते पाहायला सलीम अली नव्हते. 1987 मध्ये त्यांचे निधन झाले होते.

पण रान उभे राहिले म्हणजे ते राहीलच, असे नाही. धारावीच्या पुनर्विकासात ही जागाही जाईल, अशी शंका आल्यावर काही नागरिकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. 2023 मध्ये, उद्यान या प्रकल्पात नाही, असे न्यायालयात स्पष्ट करण्यात आले. नागरिकांचे काम लागवडीपाशी संपत नाही, ते असे.

आणि दर वेळी लागवड हेच उत्तर असते, असेही नाही. परळ-लालबागच्या पूर्वेला शिवडीची दलदल आहे. तेथे हजारो रोहित पक्षी येतात, ते उघड्या चिखलातील शेवाळ आणि सूक्ष्म जीव खाण्यासाठी. हौसेने कोणी त्या चिखलात झाडे लावली, तर त्यांचे ताटच हिरावले जाईल. तेथे मोजणी करणे, भरती-ओहोटीच्या वेळा टिपणे आणि भराव पडताना दिसला तर लेखी तक्रार करणे, हेच खरे काम.

म्हणजे क्रम असा : आधी पाहणे, मग नोंद, मग जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी बोलणे, आणि शेवटी कुदळ. वृक्षारोपणाच्या दिवशी आपण बहुधा कुदळीपासूनच सुरुवात करतो. यंदा शाळेजवळच्या सार्वजनिक बागेतले एकच झाड निवडावे आणि त्यावर कोण येते, कधी येते, काय खाते, याची वर्षभर मुलांकडून वही ठेवून घ्यावी. त्या झाडावर उद्या कुऱ्हाड आली, तर ‘झाड वाचवा’ या घोषणेपेक्षा ती वही अधिक बोलेल.